बाहेरून आलेल्यांचा कार्यकर्ता नगरसेवक झाला की त्याचे काय होते?

मागावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. या विषयावर केवळ मत नव्हे, तर अनुभव असलेल्यांचे ऐकावे, म्हणून हा धागा काढत आहे.

अमेरिकेतील सिॲटल शहराच्या नगर परिषदेवर क्षमा सावंत २०१४ च्या जानेवारीपासून सलग दहा वर्षे निवडून गेलेल्या सदस्य होत्या. पुण्यात जन्म, मुंबईत शिक्षण, संगणक अभियंता म्हणून अमेरिकेत गेल्या, तिथे अर्थशास्त्रात पीएच. डी. केली, शिकवू लागल्या आणि २०१० मध्ये नागरिकत्व घेतले. २०१२ मध्ये राज्याच्या विधिमंडळासाठी उभ्या राहून पडल्या. पुढच्याच वर्षी मात्र शहराच्या निवडणुकीत त्यांनी चार वेळा निवडून आलेल्या सदस्याला हरवले, आणि तेही उघडपणे समाजवादी म्हणवून घेत. ताशी किमान १५ डॉलर मजुरी ही त्यांची मुख्य घोषणा होती आणि जून २०१४ मध्ये तसा ठराव परिषदेत एकमताने मंजूर झाला. पगारातले ४० हजार डॉलर स्वतःकडे ठेवून उरलेली रक्कम त्या चळवळीच्या निधीला देत असत.

हे वाचताना मला आपल्या सोलापूरचा पूर्व भाग आठवत राहिला. माझे आजोबा करीमनगर जिल्ह्यातून सोलापूरला गिरणीत कामाला आले. घरात आम्ही आजही तेलुगू बोलतो, हिशेब मराठीत करतो आणि भांडण दोन्ही भाषांत करतो. बाहेरून आलेल्या कामगारांच्या वस्तीतून वर आलेले कार्यकर्ते आपण इथे पुष्कळ पाहिले आहेत. माझा प्रश्न असा आहे की असा कार्यकर्ता सभागृहात जाऊन बसला, तर चळवळीच्या हाती बाहेर राहून मिळाले नसते असे नेमके काय लागते? आणि त्याच्या हातून काय निसटते?

---

भुईकोट

त्या निवडून आल्या तेव्हा आमच्या कार्यालयातील एका सावंतवाडीकराने पेढे वाटले होते. पेढे खाऊन झाल्यावर कोणीतरी सांगितले की बाई मूळच्या तमिळ कुटुंबातल्या आहेत आणि सावंत हे लग्नानंतरचे आडनाव आहे. त्याने पेढे परत मागितले नाहीत, एवढे मात्र खरे.

मूळ प्रश्नावर सवडीने लिहितो.

---

सूप_कात्री

माझी आई विडी वळत असे, म्हणून मी आमच्या बाजूने लिहिते.

तेंदूपत्ता भिजवायचा, कात्रीने पान कापायचे, मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचे आणि हजाराच्या भावाने मजुरी घ्यायची, हे काम आमच्या घरात तीन पिढ्या चालले. विड्या देऊन परत आलेल्या आईला आम्ही आधी एकच विचारायचो, आज छाट किती गेली? तपासनीस ज्या विड्या बाजूला काढी त्यांची मजुरी मिळत नसे आणि त्याबद्दल दाद मागायची सोय नव्हती. नगरसेवक कोण आहे हे आईला ठाऊक नसायचे, पण आडम मास्तरांचा मोर्चा कधी आहे हे पक्के ठाऊक असायचे.

मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम १९७८, १९९५ आणि २००४ असे तीन वेळा आमदार झाले. परंतु आमच्या गल्लीत त्यांची ओळख आमदार अशी नव्हतीच. शहरालगतच्या कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते चाव्या दिल्या गेल्या, तेव्हा आईने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नावाचा कागद पाहिला. त्या दिवशी ती घरी येऊन काही बोलली नाही. कागद देवाच्या फोटोमागे ठेवून तिने सूप मांडीवर ओढले.

तेव्हा धागाकर्त्यांना माझे उत्तर असे की आम्हाला जे मिळाले ते सभागृहातून नव्हे, रस्त्यावरून मिळाले.

---

निवृत्त_लिपिक

महापालिकेत तीस वर्षे टिपण्या लिहिण्यात गेली, म्हणून थोडा कोरडा मुद्दा मांडतो. कंटाळा आल्यास पुढे जावे.

सिॲटलच्या परिषदेत सदस्य अवघे ९ आणि शहराची लोकसंख्या सव्वासात लाखांच्या पुढे. सोलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाख आणि नगरसेवक १०२. तिथल्या एका सदस्याच्या मताला जे वजन आहे ते इथे शंभरात विरघळते. त्याहून मोठा फरक अधिकाराचा आहे. तिथली परिषद शहरापुरता कायदा करते, कर बसवते आणि मजुरीचा दरही ठरवते. आपल्याकडे किमान वेतन ठरवणे हे राज्य शासनाचे काम आहे. सोलापूरच्या सर्वसाधारण सभेने उद्या एकमताने ठराव केला की यंत्रमाग कामगाराला दिवसाला अमुक रुपये मिळावेत, तर तो ठराव शासनाकडे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' रवाना होईल, आणि असे कागद पुढे कोठे विसावतात हे मी पाहिलेले आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. पैशाचे महत्त्वाचे निर्णय सोळा जणांच्या स्थायी समितीत होतात. महापौरपद अडीच वर्षांचे, आणि मानाचे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. नगरसेवक नावाचा प्राणी सभागृहात नव्हता, तरीही दाखले निघत होते, बिले जात होती आणि पाणी पूर्वीप्रमाणेच चार-पाच दिवसांआड येत होते.

त्यामुळे 'सभागृहात बसून काय मिळते' या प्रश्नाचे उत्तर आधी सभागृह कोणते यावर अवलंबून आहे.

---

पावसाळी_गाव

मी मूळचा दाजी पेठेतला. गेली बरीच वर्षे सिॲटलमध्ये राहतो आणि काही काळ सावंतबाईंच्याच तिसऱ्या विभागात होतो. काही गोष्टी दुरून दिसतात त्याहून गुंतागुंतीच्या आहेत.

१५ डॉलरचा ठराव एकट्या त्यांचा नव्हे. महापौरांनी मालक आणि कामगार संघटना यांची समिती नेमली होती आणि तिच्या तडजोडीतून मसुदा आला. वाढ एकदम झाली नाही. मोठ्या आणि लहान आस्थापनांसाठी वेगवेगळे टप्पे होते आणि त्या टप्प्यांवर बाईंनी सभागृहातच टीका केली. पण हेही तितकेच खरे की रस्त्यावर 'आत्ताच' म्हणणारे लोक उभे नसते, तर समितीने १५ हा आकडा तोंडातून काढला नसता. राज्यातील किमान मजुरी तेव्हा ९.३२ डॉलर होती. २०२५ मध्ये शहराचा दर २०.७६ डॉलर झाला.

दुसरी गोष्ट हरण्याची. मे २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांवर दर कर्मचाऱ्यामागे कर बसवण्याचा ठराव एकमताने झाला आणि एक महिना उलटण्याच्या आत त्याच परिषदेने तो ७ विरुद्ध २ मतांनी मागे घेतला. त्या दोघांत बाई होत्या. पुढच्या वर्षीच्या परिषद निवडणुकीत ॲमेझॉनने सुमारे १५ लाख डॉलर ओतले. त्या तरीही निवडून आल्या आणि २०२० मध्ये त्या धर्तीचा कर मंजूर झाला, मात्र तो मसुदा दुसऱ्या सदस्येचा होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान झाले आणि अवघ्या ३१० मतांनी त्या वाचल्या.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर मी त्यांना एकदाच मत दिले. आमच्या गल्लीतील पदपथ खचला होता. त्यांच्या कार्यालयाला दोन वेळा लिहिले. उत्तरादाखल घरभाडे नियंत्रणाच्या सभेचे निमंत्रण आले.

---

शेंगाचटणी

निमंत्रण तरी आले. आमच्याकडे फक्त वाढदिवसाचा फलक येतो, आणि तो खचलेल्या पदपथावरच लावतात.

---

बुधवार_पेठ

सावंत यांच्या कारकिर्दीची चर्चा पदपथावर थांबू नये. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटलच्या परिषदेने ६ विरुद्ध १ मतांनी जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर आणि प्रस्ताव त्यांचा होता. त्या स्वतः ब्राह्मण कुटुंबातून आलेल्या आहेत आणि हे त्या जाहीरपणे सांगतात. समुद्र ओलांडला म्हणून जात धुऊन निघत नाही हे आपल्याकडील कोणालाही ठाऊक आहे, पण ते परक्या शहराच्या कायद्यात लिहून घेणे हे काम सभागृहात बसलेल्या माणसाशिवाय झाले नसते. सूप_कात्री ताई, तुमचे दुःख मी समजतो, परंतु 'जे मिळाले ते रस्त्यावरून' हे पूर्ण सत्य नाही. रस्त्यावरची मागणी कायद्याच्या भाषेत उतरवायला आत कोणीतरी लागते.

---

कन्ना_चौक

या ठरावाबद्दल माझे मत वेगळे आहे. तेथील अनेक भारतीयांनी त्याला विरोध केला तो सगळा जात टिकवण्यासाठी होता असे म्हणणे अन्यायाचे आहे. आपला समाज आधीच अल्पसंख्य, त्यात प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाईल ही भीती खरी होती. शिवाय फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी भारताच्या नागरिकत्व कायद्याविरुद्ध त्याच परिषदेत ठराव करून घेतला. शहराच्या परिषदेने कचरा, पाणी आणि घरे पाहावीत. दिल्लीच्या कायद्यावर सिॲटलचे मत काय, याने इथल्या किंवा तिथल्या कोणाची चूल पेटते?

---

बुधवार_पेठ

भीती समजली. पण ज्याला घर भाड्याने देताना आडनाव विचारले जाते त्याची भीतीही मोजायला हवी. दोन्ही भीती एका तराजूत घातल्या की पारडे कुठे झुकते ते आपणच पाहावे. दिल्लीच्या कायद्यावरच्या ठरावाबद्दल मात्र मी आपल्याशी भांडणार नाही.

आणि शहराच्या परिषदेने केवळ पाणी पाहावे, हे आपण सोलापुरात बसून म्हणता याचे आश्चर्य वाटते. १९३० च्या एप्रिलमध्ये याच शहराच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला होता. तेव्हाही कोणीतरी गटारीचे विचारले असेलच.

---

कन्ना_चौक

ध्वजाचा दाखला मान्य. गटारीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

---

भुईकोट

सवड मिळाली, म्हणून लिहितो.

वर आडम मास्तरांचा उल्लेख आला, पण त्यांच्या वाटचालीतील एक प्रसंग या धाग्याशी सर्वांत जवळचा आहे. कुंभारीतील रे नगर ही असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची योजना. आयुष्यभर लाल बावटा धरलेल्या या माणसाने त्यासाठी केंद्र आणि राज्य दोन्हीकडे पाठपुरावा केला. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. त्या व्यासपीठावर मास्तरांनी पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांची स्तुती केली आणि त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, पुन्हा मोदींच्याच हस्ते.

आता सावंत यांच्याकडे पाहा. त्यांनी स्तुती करण्याचा मोह आयुष्यात केला नसावा. महापौर त्यांच्यावर रागावलेले, सहकारी कंटाळलेले, तरी त्या अढळ. मास्तरांनी घरांसाठी विरोधकाच्या व्यासपीठावर जाऊन दोन चांगले शब्द बोलून घेतले. दोघेही डावे आणि दोघेही बाहेरून आलेल्यांच्या बाजूचे. पण कार्यकर्ता म्हणून कोण अधिक खरा, असे मला कोणी विचारले तर मी सूप_कात्री ताईंच्या आईंकडे बोट दाखवीन. त्यांना कागद मिळाला.

---

मागावरचा

भुईकोट, आपला मुद्दा मनाला लागला, तरी एक शंका आहे. इतकी घरे झाली, मग मते कुठे गेली? २००९ मध्ये मास्तर पडले आणि नंतर परत निवडून आले नाहीत. २०१७ च्या महापालिकेत भाजप ४९, शिवसेना २१, काँग्रेस १४, एमआयएम ९ आणि त्यांच्या पक्षाचा नगरसेवक १.

---

निवृत्त_लिपिक

याला मतदारांचा कृतघ्नपणा म्हणायची घाई करू नये. नकाशा पाहावा. कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील ग्रामपंचायतीचे गाव आहे, महापालिकेची हद्द तिच्या अलीकडेच संपते. जी बाई साखर पेठेतील दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात गेली, ती आपले नावही पुढेमागे तिकडच्या यादीत घेऊन गेली. ज्या नेत्याने हजारो कुटुंबांना घर दिले त्याने आपल्या सर्वांत पक्क्या मतदारांना स्वतःच्या हाताने शहराबाहेर नेऊन बसवले. किती मते गेली याचा हिशेब मी केलेला नाही, हा केवळ माझा तर्क आहे. पण मतदार यादीचे काम केलेल्या माणसाला असे तर्क सुचतात.

---

सूप_कात्री

लिपिक काका, तर्क नाही, आमच्या घरात हेच झाले. आईचे नाव तिकडे, माझे लग्नानंतर जोडभावी पेठेत आणि भावाचे दोन्हीकडे नाही.

---

कन्ना_चौक

आणखी एक. तेलुगू समाज म्हणजे लाल बावटा असे चित्र या धाग्यावर तयार होत आहे, ते दुरुस्त केले पाहिजे. काँग्रेसचे गंगाधर कुचन १९८० आणि १९८४ मध्ये सोलापूरचे खासदार होते. भाजपचे लिंगराज वल्याळ १९९६ मध्ये खासदार झाले. २०१९ च्या अखेरीस श्रीकांचना यन्नम महापौर झाल्या, त्याही भाजपच्या. म्हणजे नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथापुढे सगळे एकत्र असतात, पण मतदानाच्या दिवशी मागवाला मालक आणि मागावरचा कामगार एकाच आडनावाचे असूनही एका रांगेत असतातच असे नाही. बाहेरून आलेला समाज जुना झाला की त्याच्यातही वरची गल्ली आणि खालची गल्ली तयार होते. तेव्हा 'समाजाचा कार्यकर्ता' म्हणजे नक्की कोणाचा, हे आधी विचारावे लागते.

---

पावसाळी_गाव

कन्ना_चौक यांचे हे निरीक्षण इथेही तंतोतंत लागू आहे. सावंतबाईंना भारतीयांची मते म्हणून मते मिळालीच नाहीत. त्यांच्यामागे भाडेकरू, हॉटेलांतील कामगार आणि तरुण मुले होती. संगणक क्षेत्रातील आम्ही बहुतेक भारतीय एक तर मतदार नव्हतो, कारण नागरिकत्व मिळायला वर्षानुवर्षे लागतात, किंवा मतदार असूनही घरमालक होतो. पदपथाच्या तक्रारीतून माझी गल्ली कोणती, हे आपल्या लक्षात आलेच असेल.

---

मागावरचा

आता खरे कारण सांगतो. आधी सांगितले असते तर चर्चा सल्ल्यात अडकली असती.

माझी भाची गेली सहा वर्षे यंत्रमाग कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीसाठी आणि वस्तीतील पाण्यासाठी काम करते. पुढच्या निवडणुकीला तिने आमच्या प्रभागातून उभे राहावे असा एका पक्षाचा आग्रह आहे. पक्षाचे नाव लिहीत नाही. ती गोंधळली आहे. तिचे म्हणणे असे, 'मामा, आज मी आयुक्तांच्या दारात ओरडू शकते. उद्या मी आत बसले तर लोक माझ्या दारात ओरडतील.' प्रभागातील जागा राखीव निघाली तर अर्ज राखीव गटातून भरावा लागेल आणि तिथे जातीच्या दाखल्याचे घोडे अडले आहे. आम्ही पद्मशाली. माझ्या मेहुण्यांचे वडील इथे केव्हा आले याचा कागद सापडत नाही.

---

निवृत्त_लिपिक

हे आधी सांगायला हवे होते. यावर माझ्याकडे काही ठोस आहे.

पद्मशाली समाज आपल्याकडे विशेष मागास प्रवर्गात येतो आणि महापालिकेच्या निवडणुकीत नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या जागेवर त्यातून उभे राहता येते. बाहेरच्या राज्यातून आलेल्या कुटुंबासाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७ आहे. त्या तारखेला किंवा त्यापूर्वी आपले वाडवडील महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा लागतो. पणजोबा आले होते हे सगळ्या गल्लीला ठाऊक असते, पण गल्लीची साक्ष जात पडताळणी समितीपुढे पुरत नाही. आजोबांचे शाळेतील नाव सर्वांत उपयोगी. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर ज्या शाळेत ते गेले तिच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागावा. ते तेलुगू माध्यमाच्या नगरपालिका शाळेत गेले असतील, तर शिक्षण मंडळाच्या जुन्या नोंदी तपासाव्यात. त्याशिवाय जन्म-मृत्यूची नोंद, जुनी घरपट्टी आणि गिरणीतील नोकरीचा कागद पाहावा. गिरणीचा नुसता पितळी बिल्ला चालत नाही, त्यावर नाव नसते.

गंमत पाहा. सावंत यांना उभे राहण्यापूर्वी एका देशाचे नागरिकत्व घ्यावे लागले. आपल्या भाचीचा जन्म इथला, मतदान इथले, तरी तिला आजोबा केव्हा आले ते सिद्ध करावे लागते.

---

सूप_कात्री

मी माझे पहिले वाक्य थोडे मागे घेते. 'रस्त्यावरूनच मिळते' असे मी लिहिले, कारण आमच्या प्रभागातून आमच्यासारखी कोणी आत गेलेली मी पाहिलीच नाही. भाचीला उभी राहू दे. पण अट एक. तिच्याबरोबर मोर्चाला येणाऱ्या बायका घरी बसता कामा नयेत. ती आत गेली की त्यांना वाटणार, आता आपली पोरगी आहे, ती बघेल. इथेच सगळे बुडते.

---

पावसाळी_गाव

सिॲटलला त्यांनी ते बुडू दिले नाही, हे मात्र मान्य करावे लागेल. परिषदेच्या सभेला त्यांचे लोक फलक घेऊन भरगच्च येत. जून २०२० मध्ये त्यांनी रात्री नगर भवनाचे दार आंदोलकांसाठी उघडले, आणि परत बोलावण्याच्या आरोपपत्रात तोही एक मुद्दा होता. पदपथ दुरुस्त झाला नाही, पण दार उघडे राहिले.

---

शेंगाचटणी

भाचीने दारही उघडावे आणि पदपथही करावा. आम्ही सोलापूरकर आहोत, आम्हाला चादर आणि टॉवेल दोन्ही लागतात.

---

मागावरचा

सर्वांचे आभार. आपले सगळे प्रतिसाद भाचीला वाचून दाखवले. सूप_कात्री ताईंच्या अटीवर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'त्या ताईंना विचारा, मोर्चाला त्या स्वतः येतात का?'

लिपिक काका, मेहुण्यांच्या वडिलांच्या शाळेचे नाव कळले आहे. शाळा आता दुसऱ्या शाळेत विलीन झाली आहे. रजिस्टर कोणाकडे मागायचे?

---

निवृत्त_लिपिक

ज्या शाळेत विलीन झाली तिच्या मुख्याध्यापकांकडे. लेखी अर्ज द्यावा आणि पोहोच घ्यावी. वाळवी लागलेली पाने असतील तर प्रत काढण्यापूर्वी छायाचित्र काढून ठेवावे. सोमवारी अकरा वाजता जाणार असाल तर मीही येतो.

---

सूप_कात्री

भाचीला सांगा, येते. पुढचा मोर्चा कधी आहे?